तळ उठला, गोल्फ राहिला

गोल्फ हा आपला विषय नव्हे, असं तुमच्यातला कुणीतरी म्हणणारच. रिंग खात्यात आठ तास उभं राहून ज्याचे पाय सुजतात, तो सुट्टीच्या दिवशी आणखी चार मैल एका पांढऱ्या चेंडूमागं कशाला चालेल? पण मी खेळाबद्दल लिहीत नाही. जमिनीबद्दल लिहितोय. अठरा होलच्या एका गोल्फ मैदानाला साधारण शंभर ते दोनशे एकर जमीन लागते. एका होलवर एका वेळी बहुतेक चारच माणसं खेळतात. वर हिरवळ बारमाही हिरवी ठेवायला पाणी लागतं ते वेगळंच. जमीन, पाणी आणि मोकळा वेळ ज्याच्याकडं जास्त, त्याचा हा खेळ. या तिन्ही गोष्टी आपल्या बापजाद्यांना कधी मिळाल्या नाहीत. म्हणून हा विषय आपलाच आहे.

गोल्फ आणि फौज यांची सोयरीक जुनी. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं गोल्फवर बंदी घातली होती. कारण लोक चेंडू मारण्यात दंग होतात, तिरंदाजीचा सराव बुडवतात, मग इंग्रजांशी लढायचं कुणी? पुढं सगळं उलटं झालं. साहेबाची फौज जिथं गेली, तिथं तिच्याबरोबर गोल्फही गेला. ब्रिटनच्या बाहेरचा पहिला गोल्फ क्लब १८२९ साली आपल्या कलकत्त्यात निघाला. साहेब गेला, मैदानं राहिली. कॅगनं २०१०-११ च्या अहवालात हिशेब मांडला तेव्हा आपल्या देशात संरक्षण खात्याच्या जमिनीवर लष्कराची ९७ गोल्फ मैदानं निघाली, आठ हजार एकरांवर पसरलेली.

पण आज मी सांगणार आहे ती गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. तिकडचे काळे लोक आपल्याला परके नाहीत. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे विद्वान नेते डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९६६ साली ऑकलंड शहरात ब्लॅक पँथर उभी राहिली, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. त्याच ऑकलंडपासून दक्षिणेला शंभरेक मैलांवर माँटेरे नावाचा उपसागर आहे. त्याच्या काठावर सीसाइड नावाचं गाव आहे, आणि गावाला लागून फोर्ट ऑर्ड नावाचा लष्करी तळ होता. तळ १९९४ साली बंद झाला. त्यावरची दोन गोल्फ मैदानं मात्र राहिली. एकाचं नाव बायोनेट, म्हंजे संगीन. दुसऱ्याचं ब्लॅक हॉर्स, काळा घोडा. या दोन मैदानांखालची माती जरा उकरून बघू.

जमीन कुणाची होती?

या किनाऱ्यावर रुम्सेन ओहलोनी आणि इसेलेन हे मूळचे लोक राहत होते. शिकार, मासेमारी, ओकची फळं दळून केलेली पेज, असं त्यांचं जगणं. १७७० साली स्पॅनिश आले, एका हातात क्रूस नि दुसऱ्या हातात बंदूक घेऊन. माँटेरेला त्यांनी त्याच वर्षी ठाणं बसवलं आणि धर्मपीठ उभारलं, त्याला मिशन म्हणतात. मूळच्या लोकांना बाप्तिस्मा देऊन मिशनच्या शेतावर राबवलं. एकदा आत आलेल्या माणसाला मनाला येईल तेव्हा बाहेर पडायची मुभा नव्हती. गोऱ्यांच्या रोगांनी वस्त्याच्या वस्त्या बसल्या. स्पेन गेला, मेक्सिको आला. १८४६ साली अमेरिकेच्या आरमारानं माँटेरेवर आपलं निशाण चढवलं. १८५० साली कॅलिफोर्निया राज्य झालं आणि त्याच वर्षी राज्यानं कायदा केला. नाव 'इंडियनांच्या संरक्षणाचा', आणि त्याखाली इंडियन पोरांना गोऱ्यांच्या घरी वेठीला बांधून ठेवायची सोय! कायद्याचं नाव गोड आणि पोटात विष, हा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे. १८५१-५२ मध्ये मूळच्या लोकांशी जमिनीचे अठरा करार झाले. वॉशिंग्टनच्या सिनेटनं त्यातला एकही मंजूर केला नाही.

आता पुढचा माणूस बघा. डेव्हिड जॅक्स. स्कॉटलंडहून आलेला. माँटेरे गावाची सामायिक जमीन होती, आपल्याकडं गावठाण नि गायरान असतं तशी. गावावर वकिलाची फी थकली होती. ती फेडायला १८५९ साली त्या जमिनीचा लिलाव झाला. जॅक्स नि तो वकील, दोघांनी मिळून सुमारे ३० हजार एकर जमीन १००२ डॉलर ५० सेंटला घेतली. एकरी साडेतीन सेंटसुद्धा पडले नाहीत. गाव पुढं कोर्टात गेलं, पार सुप्रीम कोर्टापर्यंत. १९०६ साली निकाल लागला तो जॅक्सच्या बाजूनं.

१९१७ साली लष्करानं याच जॅक्सच्या कंपनीकडून १५ हजार एकरांवर जमीन घेतली, तोफखाना आणि घोडदळाच्या सरावासाठी. १९४० साली तळ मोठा झाला, त्याला फोर्ट ऑर्ड नाव मिळालं. हा जनरल ऑर्ड अमेरिकेच्या यादवी युद्धातला. १८६५ साली ॲपोमॅटॉक्सला गुलामगिरीवाल्यांच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा ऑर्डच्या हाताखाली काळ्यांच्या पलटणीही होत्या. पण १९४० साली त्याच्या नावाचा तळ झाला तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्याच होत्या. बराक वेगळी, भटारखाना वेगळा. लोकशाहीसाठी हिटलरशी लढायचं आणि जेवायचं बाजूला बसून. आपल्याला यात नवल वाटणार नाही.

एकाच वर्षातल्या तीन गोष्टी

१९४८ साली २६ जुलैला प्रेसिडेंट ट्रुमननं हुकूम काढला की सैन्यात वर्णावरून भेद करायचा नाही. हुकूम निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदललं नाही. पण काळे नि गोरे रंगरूट एकत्र शिकवायला ज्या तळांनी लवकर सुरुवात केली, त्यांत फोर्ट ऑर्ड होता. कोरियाचं युद्ध लागलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा वर्णभेद परवडेना, हेही त्यात आलंच. गरज लागली की शिवाशिव पातळ होते.

१९५४ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सीसाइड गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली. आणि त्याच वर्षी फोर्ट ऑर्डवर बायोनेट हे मैदान खुलं झालं.

बायोनेटची गंमत सांगतो. तळाचे कमांडर जनरल रॉबर्ट मॅक्लूर यांनी ते आखलं. जनरल डावखुरे होते आणि त्यांचा फटका सरळ जात नसे, चेंडू वळून डाव्या अंगाला पळायचा. तर मैदानच असं आखलं म्हणतात की जनरलच्या वाकड्या फटक्याला सरळ वाट मिळावी. ११ ते १५ नंबरच्या होलांना खेळणारे 'कॉम्बॅट कॉर्नर' म्हणतात, लढाईचा कोपरा. सरळ फटका मारणाऱ्या माणसाची तिथं दमछाक होते. आपण हसू. पण हसून झाल्यावर विचार करा. ज्याच्या हातात जमीन असते, त्याला आपली खोड सुधारावी लागत नाही. तो जमिनीला वाकवतो. मग ती खोड नियम होते, आणि पुढच्या पिढ्यांचे सरळ लोक तिथं चुकायला लागतात. मनूनं यापेक्षा वेगळं काय केलं?

दुसरं मैदान, ब्लॅक हॉर्स, १९६४ साली झालं. माँटेरेला पूर्वी अकराव्या घोडदळाचा मुक्काम असे, त्याच्या नावावरून ते नाव.

आता निव्वळ शिव्या घालायच्या तर काम सोपं आहे. पण इतिहास सोपा नसतो. तळाच्या कुंपणाबाहेर गोल्फची काय परिस्थिती होती? अमेरिकेतल्या धंदेवाईक गोल्फपटूंची संघटना पीजीए. तिच्या घटनेत १९३४ पासून कलम होतं की सभासद गोऱ्या वंशाचाच हवा. कलम लेखी, छापील! आपल्याकडं देवळाच्या दारावर पाटी लावायचीही गरज पडत नव्हती, एवढाच फरक. काळी पोरं मैदानावर जायची ती कॅडी म्हणून, साहेबाची झोळी खांद्यावर घेऊन. आणि चेंडू ज्यावर ठेवून मारतात ती लाकडी टी? तिचं एक पेटंट १८९९ साली डॉ. जॉर्ज ग्रँट नावाच्या दंतवैद्यानं घेतलं. हार्वर्डला शिकलेला हा माणूस काळा होता. शोध काळ्याचा, मैदान गोऱ्याचं.

बिल स्पिलर हे नाव लिहून ठेवा. हा माणूस शिकलेला, मास्तरकीची पदवी घेतलेला, पण लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करायचा. खेळात पट्टीचा. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्याच रिचमंडच्या स्पर्धेतून त्याला आणि त्याच्या काळ्या साथीदारांना काढलं, ते गोरे नाहीत म्हणून. त्यांनी कोर्टात दावा टाकला. पीजीएनं तोंडी आश्वासन दिलं, दावा मागं घ्यायला लावला, आणि कलम होतं तिथंच ठेवलं. आश्वासनावर दावा मागं घ्यायचा नसतो, हा धडा तिथला आणि इथलाही. पुढं स्पिलरची तक्रार कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत गेली. त्यांनी पीजीएला बजावलं, असलं कलम असेल तर आमच्या राज्यात सरकारी मैदानावर खेळता येणार नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात कलम निघालं. त्याच वर्षी चार्ली सिफर्ड या काळ्या खेळाडूला पीजीएच्या स्पर्धांचं कार्ड मिळालं. हा पोरवयात कॅडी होता आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिक. स्पिलरचं वय मात्र तोवर निघून गेलं होतं. दार त्यानं फोडलं, आत दुसरे गेले. असं कुणीतरी व्हावंच लागतं.

म्हणजे १९५४ ते १९६१ ही सात वर्षं बघा. बाहेर गोल्फच्या घटनेत 'फक्त गोरे', आणि इकडं ट्रुमनच्या हुकमाखालच्या तळावर काळ्या सार्जंटला रंगावरून अडवायचा अधिकार कुणाला नव्हता. तिथं पाहायचा तो हुद्दा. ही छोटी गोष्ट नाही. आणि फार मोठीही नाही. का ते पुढं सांगतो.

सीसाइड, म्हंजे तिकडची दापोली

सैनिकाला बायकापोरांसाठी घर लागतं. माँटेरे, कार्मेल, पॅसिफिक ग्रोव्ह ही आसपासची देखणी गावं. तिथल्या घरांच्या खरेदीखतांत अट असायची, हे घर काळ्याला विकायचं नाही. १९४८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असली अट कोर्टामार्फत अंमलात आणता येणार नाही. तरी दलाल होते, बँका होत्या, शेजारी होते. कागदावरची अट गेली आणि तोंडावरची राहिली. राहता राहिलं सीसाइड. वाळूचं, कच्च्या रस्त्यांचं, तळाच्या दाराशी पडलेलं गाव. काळ्या सैनिकांनी तिथं प्लॉट घेतले, घरं बांधली, चर्च उभी केली. त्यांच्याबरोबर फिलिपिनो आले, मेक्सिकन आले, जपानी आणि कोरियन बायका करून आणलेले सैनिक आले. पेन्शनीत गेल्यावरही बरेच जण तिथंच राहिले. १९७० च्या दशकात या गावाला ऑस्कर लॉसन हा पहिला काळा महापौर मिळाला.

हे वाचताना मला दापोली आठवते. कोकणातली कॅम्प दापोली. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीतले आपले लोक पेन्शन घेऊन तिथं वस्ती करून राहिले. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच पेन्शनर, रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर तिथं राहायला गेले. पलटणीनं आपल्या माणसांना काय दिलं? नियमित पगार, पायात बूट, पोरांना शाळा, आणि ताठ चालायची सवय. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीत झाला. ही शिडी खरी होती, ती नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण शिडी कुणाच्या मालकीची होती? इंग्रजांना 'लढाऊ जाती'चं खूळ लागलं आणि १८९२ साली महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या खांबावर आपली नावं कोरलेली, तरी बंद. वलंगकरांनी अर्ज केला, पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. पहिलं महायुद्ध लागल्यावर १९१७ साली १११ नंबरची महार पलटण काढली. युद्ध संपलं, पलटणही मोडली. दुसरं महायुद्ध लागलं, बाबासाहेबांनी जोर लावला, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. म्हंजे लढाई असली की आपण शूर, लढाई संपली की आपण महार. दुसऱ्याच्या गरजेवर उभी असलेली शिडी त्याची गरज सरली की काढून घेतली जाते. सीसाइडची गोष्ट याच ठिकाणी आपल्या गोष्टीला येऊन मिळते.

तळ उठतो

रशियाशी चाललेलं शीतयुद्ध संपलं. १९९१ साली ठरलं की फोर्ट ऑर्ड बंद करायचा. सातवी इन्फंट्री डिव्हिजन वॉशिंग्टन राज्यात फोर्ट लुईसला हलवली. १९९४ च्या सप्टेंबरात तळाला कुलूप लागलं. सुमारे २८ हजार एकरांचा तळ, जिथं पंधरा लाखांच्या आसपास माणसं सैनिक होऊन बाहेर पडली, तो रिकामा झाला. सीसाइडची वस्ती १९९० साली ३८ हजारांवर होती, २००० साली ३१ हजारांवर आली. खाणावळी, केशकर्तनालयं, गॅरेजं बसली. गिरणी बंद पडल्यावर नाक्यावरचा चहावाला कसा बसतो, ते ज्यानं बघितलंय त्याला आकडे नकोत.

मग २८ हजार एकरांचं काय झालं? एका भागात १९९५ साली विद्यापीठ सुरू झालं, हे चांगलं झालं. बेघरांसाठी काम करणाऱ्यांना आणि घर नसलेल्या माजी सैनिकांच्या संस्थेला काही घरं मिळाली. सरकारी रिकाम्या मालमत्तेवर बेघरांचा हक्क आधी, असा तिकडं कायदा होता, आणि तो कायदा लोकांनी लढून घेतलेला होता. हे टिपून ठेवण्यासारखं आहे. निम्म्याहून जास्त जमीन २०१२ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली. पण तिच्यातल्या काही हजार एकरांत न फुटलेले तोफगोळे पुरलेले होते. तळाखालचं भूजल नासलं होतं, म्हणून १९९० सालीच देशातल्या सगळ्यात विषारी जागांच्या यादीत त्याचं नाव गेलं. रिकाम्या बराकींची लाकडं कुजत राहिली, आत ॲस्बेस्टॉस नि शिशाचा रंग. पाडायलाही पैसा नाही, अशी वर्षानुवर्षं.

आणि या सगळ्या उजाड पसाऱ्यात दोन ठिकाणी गवत रोज कापलं जात होतं. बायोनेट नि ब्लॅक हॉर्स.

१९९७ साली ही दोन्ही मैदानं लष्कराकडून कुणी विकत घेतली? एखाद्या भांडवलदारानं? नाही. सीसाइड नगरपालिकेनं. काळ्या सैनिकांनी उभ्या केलेल्या गावाच्या नगरपालिकेनं. इथं थांबा, कारण सगळ्या गोष्टीचा पेच इथं आहे.

त्यांनी असं का केलं? ते काही विकले गेले नव्हते. १९७८ साली कॅलिफोर्नियात मतदानानं कायदा झाला, 'प्रपोझिशन १३'. घरपट्टी किंमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकली, तिच्या वाढीलाही लगाम घातला. जुन्या मालदार घरवाल्यांची चंगळ झाली. नगरपालिकांकडं पैसा यायचा तर तो विक्रीकरातून आणि हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांवरच्या करातून. म्हणून नगरपालिका घरांपेक्षा हॉटेल मागते. तळ गेलेला, तिजोरी रिकामी. शेजारीच पेबल बीच, जगातल्या श्रीमंतांचं गोल्फचं तीर्थक्षेत्र. त्यांनी विचार केला, आपणही गोल्फ ठेवू, त्याला लागून मोठं हॉटेल उभं करू, पाहुणे येतील, कर येईल, पोरांना नोकऱ्या मिळतील. विचार चुकीचा म्हणून उडवून लावता येत नाही. पण गरिबाच्या नगरपालिकेला श्रीमंताच्या खेळातूनच पोट भरायला लावणारा कायदा कुणी केला, हे विचारायला हवं. हॉटेलाची गोष्ट वर्षामागून वर्षं रखडत गेली. कोर्सच्या कडेला घरं उभी राहिली, ती महागडी. तिथं कोणा शिपायाचं पेन्शन पुरणार नाही.

पाणी

जमिनीपाठोपाठ पाणी येतंच. माँटेरेच्या बाजूला पाण्याची तंगी. १९९५ साली राज्याच्या जलमंडळानं हुकूम दिला की कार्मेल नदीतून हक्काबाहेर उपसा चाललाय, तो कमी करा. २००९ साली त्या नदीचं पाणी वापरणाऱ्या भागात नव्या नळजोडण्यांवर बंदी आली. नवं घर बांधायचं तर पाणी नाही. सीसाइडखालच्या भूजलाचं कोर्टात वाटप झालं, २००६ साली. त्या निकालात गोल्फ मैदानांच्या नावावर वर्षाला ५४० एकर-फूट पाणी लागलं. एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभं राहील इतकं पाणी म्हंजे एक एकर-फूट. हिशेब मी केलाय. वर्षाचे सुमारे ६६ कोटी ६० लाख लिटर. दिवसाला सव्वाअठरा लाख लिटर. आपल्याकडं शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर असं सरकारी माप आहे. त्या मापानं साडेतेरा हजार माणसांचं पाणी झालं.

इथं कुणी कुणाला तळ्यावरून हाकललं नाही. पाण्याला कुणी बाट धरला नाही. सगळं कायदेशीर, कोर्टाच्या शिक्क्यानं. महाडचं तळंसुद्धा कागदावर १९२४ सालीच खुलं झालं होतं, तरी १९२७ साली आपल्याला चालत जावंच लागलं. हक्क कुणाच्या नावावर लिहिलाय हे जो वाचत नाही, तो तहानलेला राहतो.

२०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली पीजीएनं आपल्या धंदेवाईक सभासदांची राष्ट्रीय स्पर्धा या दोन मैदानांवर भरवली. ज्या संघटनेच्या घटनेत सत्तावीस वर्षं 'फक्त गोरे' लिहिलेलं होतं, तीच काळ्या सैनिकांच्या गावात पाहुणी म्हणून आली. विजय म्हणायचा का याला? म्हणा. पण २०१० ची शिरगणती काढून बघा. १९९० च्या सुमाराला गावात पाचांत एकापेक्षा जास्त माणसं काळी होती, ती तोवर शेकडा आठवर आलेली. दार उघडलं तोवर घरचे लोक निघून गेले होते. ज्यांना भाडं झेपलं नाही ते आतल्या भागात गेले, जिथं उन्हाळा कडक नि घर स्वस्त. त्यांच्या जागी शेतात नि हॉटेलात राबणारे मेक्सिकन आले, एका घरात दोन-दोन कुटुंबं. खालच्या पायरीवर माणसं बदलली, पायरी तीच.

आपण यातून काय घ्यायचं?

मला तीन गोष्टी दिसतात.

एक, नोकरी म्हंजे मालकी नव्हे. पलटण असो, रेल्वे असो, गिरणी असो, महापालिकेचं सफाई खातं असो. पगार येतो तोवर माणूस ताठ चालतो. पण पायाखालची जमीन दुसऱ्याची असेल तर तळ उठतो त्या दिवशी आपणही उठतो. मुंबईच्या गिरण्यांचं आठवा. १९९१ च्या नियमात बंद गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, त्यातला एक लोकांच्या घरांसाठी. २००१ साली त्यात बदल करून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली. शेड उभी होती ती जमीन वाटणीतून गेली. २००६ साली सुप्रीम कोर्टानं त्यावर मोहोर उठवली. एक शब्द बदलला नि शेकडो एकर हललं. आपण तेव्हा घोषणा देत होतो, आणि ते नियमाचा मसुदा लिहीत होते. दोन्ही कामं यायला पाहिजेत.

दोन, नगरपालिका हातात आली म्हणून राज्य हातात आलं असं नाही. आपली पोरं आज नगरसेवक होतात, सभापती होतात. राखीव जागेवर निवडून येतात आणि खुर्चीत बसल्यावर कळतं की तिजोरीची किल्ली वरच्या मजल्यावर आहे. सीसाइडच्या लोकांना हेच कळलं. म्हणून नुसता आपला माणूस बसवून भागत नाही, कराचा कायदा कुणाच्या सोयीनं केलाय ते बदलावं लागतं. बाबासाहेब अर्थशास्त्री होते हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. त्यांचं अर्थशास्त्र वाचतो किती जण?

तीन, जमीन परत मिळते. ही गोष्ट शेवटी मुद्दाम सांगतो, कारण नुसतं रडगाणं गायला मी हा कागद काळा केला नाही. त्याच माँटेरे जिल्ह्यात, डोंगरात, बिग सूर म्हणून भाग आहे. २०२० साली तिथली ११९९ एकर जमीन इसेलेन जमातीच्या संस्थेच्या नावावर झाली. अडीचशे वर्षांनी. गोल्फच्या मैदानाखालची जमीन नव्हे ती. पण त्याच लोकांची, ज्यांच्याबद्दल पुस्तकात लिहून टाकलं होतं की हे संपले. ते संपले नव्हते. नाव सांगत राहिले, वंशावळ्या जपत राहिले, अर्ज करत राहिले.

तेव्हा दोस्तहो, तुमच्या तालुक्यात कुठं छावणी उठणार आहे, कुठं गिरणी, कारखाना, साखरेचं गोदाम, डेअरी बंद पडलीय, त्याची यादी करा. सातबारा काढा, सिटी सर्व्हेचा उतारा काढा. विकास आराखड्यात त्या जागेवर कोणता रंग मारलाय ते बघा. हिरवा रंग असेल तर विचारा, ही हिरवळ कुणाच्या पोरांसाठी? विहीर असेल तर विचारा, पाणी कुणाच्या नावावर? हरकतीची मुदत असते, ती चुकवू नका. अर्ज लिहायला येत नसेल तर एकत्र बसून लिहू. वलंगकरांनी लिहिला होता तेव्हा त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा कमी होतं.

जय भीम.